मेजरसाहेबांनी मला नाकारलं

आमच्या गावात कुत्री माणसं पाळतात. ज्याला कुणी पाळत नाही त्याला नगरपालिकेची गाडी उचलते. गाडीतून गेलेला परत आलेला मी पाहिलेला नाही.

मला एका पॉमेरेनियन बाईंनी पाळलं होतं. त्या वारल्या. गाडी आमच्या आळीत सोमवारी येते, म्हणून रविवारी दाढी करून मी मेजरसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. मेजरसाहेब जर्मन शेफर्ड. अस्सल.

त्यांनी माझे दात पाहिले. मग विचारलं, "घराणं?"

"शुद्ध. सात पिढ्या मामाचीच मुलगी केली. बाहेरचं रक्त दारात उभं केलं नाही."

"आजार?"

"दमा. आजाला होता, बापाला होता. आमचा खानदानी आहे."

मेजरसाहेब उठायला गेले. मागचे पाय उठेनात. मी आधार दिला.

"माझी कंबर अशीच खानदानी आहे," ते म्हणाले. "चोर आला तर तू धापा टाकणार आणि मी बसून राहणार. मला संकरित माणूस हवा. धट्टाकट्टा. तू जा."

फाटकाबाहेर खंड्या उभा होता. एक कान उभा, एक पडलेला. शेपूट दुसऱ्याच कुणाची लावल्यासारखी.

"म्हाताऱ्या, माझ्याकडे येतोस?"

"तुझा बाप कोण?"

"आईला विचारलं होतं. तिनं तीन नावं सांगितली. तू जेवतोस काय?"

"भाकरी. पण मी असल्या-तसल्याकडे राहत नाही."

"बरं. उद्या सोमवार आहे," एवढं बोलून तो चालू लागला.

तो कोपऱ्यापर्यंत पोचला तेव्हा मी हाक मारली. "अरे!"

त्यानं मागं पाहिलं नाही.

"अहो खंडेराव!"

तो थांबला.

सोमवारी गाडी आली. गाडीवरच्या बुलडॉगनं माझ्या गळ्यातला पट्टा ओढून पाहिला आणि मला सोडलं. संध्याकाळी खंडेराव मला फिरवायला घेऊन निघाले. वाटेत शेजारचे सोपानराव भेटले. ते लॅब्रेडॉरकडे असतात, त्यामुळे मान ताठ.

"काय आबा, गावठीकडे लागलात म्हणे?"

"गावठी कुठला!" मी म्हणालो. "यांचे वडील विलायती. फार मोठं घराणं."

साखळीला हिसका बसला.

"खोटं बोलायचं नाही," खंडेराव म्हणाले. "बस खाली."

सोपानरावांच्या देखत मी बसलो.