एकाहत्तर हजारांचं स्थळ

लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला आमच्या ह्यांना सोन्याची अंगठी करायची, हे मी कुणालाही न विचारता ठरवलं. (त्याआधी कुणाला न विचारता मी एकदाच काही केलं होतं. कोल्हापुरात राहून आमटीत गूळ घातला होता. तेव्हाच शहाणी व्हायला हवी होती.)

आमचे हे म्हणजे हंबीरराव. फाउंड्रीत सुपरवायझर आहेत. आवाज भट्टीच्या वर चढवायची सवय, त्यामुळे घरात मीठ मागितलं तरी गल्लीला कळतं. मी घरी ब्लाउज शिवते आणि साड्यांना पिको-फॉल करते. महिन्याला पंधरा हजार सुटतात. अंगठी बासष्ट हजारांची. पण त्याच सुमारास एका मॉलमध्ये टेबल मांडून बसलेल्या मुलीनं मला क्रेडिट कार्ड दिलं होतं, आणि वर एक ट्रॉली बॅग फुकट. मला वाटलं, बॅगच मोठी आहे, कार्ड त्यासोबत आलंय.

अंगठी ह्यांना इतकी आवडली की ते चार दिवस हात वर करूनच बोलत होते. "बायकोनं बचतीतनं केली! एका रुपयाची उधारी न्हाय आपल्या घरात! हिला म्हणत्यात बाई!" मी हसत उभी होते. तेव्हाच सांगितलं असतं तर संपलं असतं. पण त्यांचा चेहरा असा फुललेला मी तीस वर्षांत तीनदाच पाहिला होता, आणि त्यातलं एकदा तर कुस्तीच्या मैदानात.

मग बिल यायला लागलं. बिलावर दोन आकडे असत, एक मोठा आणि एक 'मिनिमम'. मी दहावी पास आहे. दोन आकडे दिले की त्यातला लहान निवडायचा, एवढं मला कळतं. वर्षभर लहान आकडा भरत राहिले. दोनदा तोही चुकला. वर्षाअखेरीस मी सव्वीस हजार भरले होते, आणि बासष्टचे एकाहत्तर हजार चारशे झाले होते. आमच्या शेजारच्या सोनूमावशींची म्हैससुद्धा एवढ्या वेगानं वाढली नाही.

शेवटी पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या अनुजाला फोन केला. ती म्हणाली, "आई, बॅलन्स ट्रान्सफरचं कार्ड घे. दुसरी बँक या बँकेचं देणं फेडते. मग तू सहा महिने बिनव्याजी त्यांचं फेडायचं."

"म्हणजे याची टोपी त्याच्या डोक्यावर?"

"तेच, पण इंग्रजीत केलं की इज्जत राहते. आणि बाबांना सांगून टाक ना."

"जीव गेला तरी न्हाय," मी म्हणाले.

नव्या कार्डासाठी पहिल्या बँकेला फोन लावला. गोड आवाजाची बाई होती.

"मॅडम, तुमच्यावर एका कार्डाचं देणं दिसतंय."

"हो, तेच हलवायचंय."

"देणं असल्यामुळे हे कार्ड देता येणार नाही."

"अहो, मग ज्याच्यावर देणंच नाही, त्यानं काय हलवायचं?"

यावर फोनमध्ये बराच वेळ संगीत वाजलं. मग फोनच बंद झाला.

दुसऱ्या बँकेनं फॉर्म घेतला आणि सांगितलं की, पत्ता तपासायला आमचा माणूस येईल. मी तीन दिवस शिलाई मशीन सोडून दारात बसले. कुणी आलं नाही. चौथ्या दिवशी मेसेज आला की, दिलेल्या पत्त्यावर अशी व्यक्ती राहत नाही.

ज्या घरात मी तीस वर्षं भाकरी थापतेय, त्या घरात मी राहत नाही? मी तडक गल्लीच्या तोंडावर भाऊसोंच्या चहाच्या टपरीवर गेले. आमच्या गल्लीत येणारा प्रत्येक नवा माणूस आधी भाऊसोंना पत्ता विचारतो.

"भाऊसो, माझं नाव सांगत कुणी आलतं का?"

भाऊसोंनी इकडंतिकडं बघितलं, आवाज खाली आणला आणि छातीवर हात ठेवला. "वैनी, काळजीच करू नका. हातात कागद, गळ्यात पट्टा. मी वळखलं, वसुलीवाला हाय. म्हटलं, अशी कोण बाईच न्हाय हितं. जास्तच इचारायला लागला तसं म्हटलं, होती, वारली."

"वारली?"

"परत येणार न्हाय बघा तो. चहा घेता?"

मी चहा घेतला. माणसानं एवढ्या मायेनं मारल्यावर काय बोलायचं?

तिसऱ्या बँकेच्या वेळी मी ठरवलं की आधीच तयारी करायची. भाऊसोंना आणि शेजारच्या सोनूमावशींना मी सांगून ठेवलं, "गुरुवारी एक माणूस आपल्या घराबद्दल विचारायला येईल. चार चांगले शब्द सांगा. आणि ह्यांच्या कानावर घालू नका." कशाबद्दल विचारायला, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुपारपर्यंत पार गडमुडशिंगी गावच्या पाहुण्यांनाही कळलं असतं.

माझी चूक तिथंच झाली. ज्या घरात सव्वीस वर्षांची लग्नाची मुलगी आहे, त्या घराबद्दल परका माणूस येऊन विचारतो, तो कशासाठी? अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सोनूमावशींना हे कुणी सांगावं लागत नाही.

गुरुवारी अकरा वाजता बँकेच्या एजन्सीचा माणूस आला. प्रसेनजीत त्यांचं नाव. पस्तिशीचे, शांत, हातात हेल्मेट आणि टॅब. भाऊसोंनी त्यांना वाटेतच धरलं, फुकट चहा पाजला आणि सोनूमावशींच्या अंगणात पोचतं केलं. मी खिडकीतून ऐकत होते.

"आजी, हे घर यांचं स्वतःचं आहे का?"

"सोताचं? दोन हायती! गावाकडं बारा एकर बागायत." (गावाकडं आमचं सव्वा एकर आहे. त्यातला पाव ओढ्यात गेलाय.)

"उत्पन्न किती असेल?"

"आता लोकाचा पैसा आपुण कशाला मोजायचा? पर म्हैन्याला दोन लाखाच्या खाली न्हाय. आन् बाई म्हणशील तर गाय हाय गाय. तोंड वर करून बोलत न्हाय. स्वैपाकाला तर असली हाय..."

"आजी, स्वयंपाकाचा रकाना नाही इथं."

"मग घाल की एक!"

मी कपाळाला हात लावला आणि पोह्यांची कढई गॅसवर ठेवली. दहा मिनिटांत माणूस आमच्या घरात, पंधरा मिनिटांत सही, वीस मिनिटांत बाहेर, असा माझा हिशेब होता. तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. आमचे हे! अंगावर फाउंड्रीचा गणवेश आणि डोक्यावर घाईघाईत बांधलेला फेटा. सोनूमावशींना राहवलं नव्हतं. मुलीच्या बापाशिवाय बोलणी कशी होणार, म्हणून त्यांनीच फोन केला होता. प्रसेनजीत तोवर आमच्या बैठकीत येऊन बसले होते.

"या पावणं! बसा की!" ह्यांचा आवाज ऐकून प्रसेनजीत बसलेले उभे राहिले. "गाव कुठलं म्हणायचं?"

"शिरोळ."

"वा! म्हंजे पाण्याला कमी न्हाय."

"नाही ना. पुरात घरात कमरेएवढं होतं."

हे जरा विचारात पडले. मग म्हणाले, "वरच्या मजल्याचं बघू म्हणं. पगार किती पडतोय?"

"साहेब, प्रश्न मी विचारायचे असतात."

"बरोबर हाय. तुमचा मान. लग्न व्हायचं असंल अजून?"

"दोन मुलं आहेत मला."

ह्यांचा फेटा दोन बोटं खाली आला. "मग... तुम्ही मुलाचे कोण?"

"कुठल्या मुलाचे? मी एजन्सीचा माणूस."

"अगं ए," हे आत बघून ओरडले, "आता स्थळंबी एजन्सीनं येत्यात बघ! इचारा पावणं, काय पायजे ते इचारा. लपवायसारखं कायबी न्हाय आमच्याकडं."

मी पोह्यांची बशी घेऊन दारात आले आणि तिथंच थिजले. पुढं जावं तर बँकेचं निघेल, मागं जावं तर पोहे गार होतील.

"मॅडमच्या नावावर काही देणं?" प्रसेनजीतांनी विचारलं.

हे गडगडून हसले. "हिच्या? पावणं, माणूस बघून तरी इचारा! वाण्याकडं चार आणे ऱ्हायलं तर रातभर झोप न्हाय हिला. देणं! एक रुपया दाखवा, मिशी उतरून देतो!"

प्रसेनजीत सरळ माणूस. त्यांनी टॅब वळवून ह्यांच्यापुढं धरला. "पण इथं तर एकाहत्तर हजार चारशे दिसतायत. क्रेडिट कार्डाचे."

ह्यांनी आकडा बघितला, खाली माझं नाव बघितलं. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. माझ्या हातातली बशी कलली होती. शेंगदाणे एकेक करून खाली पडत होते.

"व्हय," हे म्हणाले. आवाज इतका हळू होता की मला तो दुसऱ्याच कुणाचा वाटला. "हाय ते. ठावं हाय मला. दोघांनी मिळूनच घेतलंय."

"पण आत्ताच तुम्ही म्हणालात..."

"आत्ता आठवलं."

प्रसेनजीतांनी पोहे खाल्ले, दोनदा घेतले, आणि निघताना दारात माझ्याजवळ थांबले. "मॅडम, फॉर्मवर उत्पन्न पंधरा हजार. आजी म्हणतात दोन लाख. साहेब म्हणतात देणं नाही, मग म्हणतात आहे. मी लिहू तरी काय?"

"खरं लिहा," मी म्हणाले.

"तेच विचारतोय, त्यातलं खरं कुठलं?"

ते गेले. ह्यांनी फेटा काढून टेबलावर ठेवला. मी सगळं सांगितलं. अंगठी, ट्रॉली बॅग, लहान आकडा, सगळं. रडत सांगितलं. ह्यांनी बोटातली अंगठी एकदा फिरवून बघितली.

"तीस वर्षांत पयल्यांदा माझ्यावर खर्च केलास," ते म्हणाले, "तोबी बँकेच्या पैशानं. आन् मिशी गेली असती ती येगळीच." मग त्यांनी स्वतःच पोह्यांची बशी पुढं ओढली. तेव्हा मला कळलं की आता मी श्वास सोडायला हरकत नाही.

दोन दिवसांनी मेसेज आला की, माहिती जुळत नसल्यामुळे आपला अर्ज नामंजूर. तो मी दारात उभी राहून वाचत होते. माझा चेहरा बघून सोनूमावशी धावत आल्या.

"नकार आला व्हय गं? येऊ दे. त्येंच्याच नशिबात न्हाय. जोतिबाला नारळ बोलले हाय मी."

संध्याकाळी अनुजाचा फोन आला. "आई, गल्लीतल्या तिघींचे सांत्वनाचे मेसेज आलेत मला. मला नकार कुणी दिला? मी तर कुणाला बघितलंसुद्धा नाही!"

"बँकेनं दिलाय बाळ," मी म्हणाले. "तुला नाही, मला."

सोमवारी हे मला कामगारांच्या पतसंस्थेत घेऊन गेले. त्यांच्या पगारावर अकरा टक्क्यांनी कर्ज काढायचं, कार्ड एकदम फेडून कापून टाकायचं, असं ठरलं होतं. वीस वर्षं मॅनेजर असलेले विश्वजितभाऊ ह्यांना ओळखतात. त्यांनी अर्ज वाचलासुद्धा नाही, शिक्का उचलला. "हंबीरराव, फकस्त एक जामीनदार द्या."

"ही हाय की," हे म्हणाले आणि मला पुढं केलं. मला फार बरं वाटलं. माझ्यामुळं झालेलं देणं, निदान त्याला जामीन तरी मीच राहीन. मी पदर सावरला, पेन घेतलं.

विश्वजितभाऊंनी माझा आधार नंबर कॉम्प्युटरवर टाकला. जरा वेळ स्क्रीनकडं बघितलं आणि माझ्या हातातलं पेन हळूच काढून घेतलं.

"वैनींचं न्हाय जमणार. कुठल्यातरी कार्डाचं मोठं देणं दिसतंय त्यांच्या नावावर."

"अहो, तेच तर फेडायला..." मी म्हणाले.

"दुसरं कोण हाय का?"

ह्यांनी फोन लावला. अर्ध्या तासात सोनूमावशी रिक्षातून आल्या. कशाला बोलावलंय, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. नवऱ्याची पेन्शन, खात्यात तीस हजार, आयुष्यात कुणाचं एका पैशाचं देणं नाही. विश्वजितभाऊंनी त्यांना उठून खुर्ची दिली. त्यांनी चष्मा लावून, जीभ दातात धरून, एक-एक अक्षर काढत सही केली, आणि शिक्का बसला.

मी कोपऱ्यात उभीच होते. विश्वजितभाऊंना माझी दया आली असावी.

"वैनी, बसा की तुम्हीबी. चहा घ्या," ते म्हणाले. "चहाला जामीन लागत न्हाय."