काजळी शेळीचं मंजूर चित्र

शासकीय व्यवहारात वस्तू बरोबर आहे की चूक, हे ठरवायला आधी तिचा नमुना मंजूर असावा लागतो. आमच्या जिल्ह्यात ही अडचण शेळीच्या बाबतीत उभी राहिली. उस्मानाबादी शेळी पिढ्यान्‌पिढ्या कुठल्याही नमुन्याशिवाय हिंडत होती, वीत होती, दूध देत होती. (जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं आहे, शेळीचं तेच राहिलं आहे. बदलून मिळावं असा तिचा अर्ज प्राप्त नाही.) हा सगळा मोकळेपणा आवरण्यासाठी एका कार्यालयानं प्रमाणचित्र समिती नेमली. मी तिचा लिपिक होतो. सभेत बोलण्याचा मला अधिकार नव्हता, पण जे कुणीच बोललं नाही तेही इतिवृत्तात नीट लिहिण्याची जबाबदारी माझी होती.

अध्यक्ष आण्णासाहेब हे निवृत्त अधिकारी. अत्यंत सभ्य गृहस्थ. शेळी पाळणारा एकही सदस्य घ्यायचा नाही, हे त्यांनी पहिल्याच सभेत ठरवून घेतलं, कारण तसा माणूस स्वतःच्या शेळीकडे ओढणार. त्यामुळं समितीचे पाचही सदस्य पूर्णपणे निःपक्षपाती होते.

फोटो का काढत नाही, असा प्रश्न सभेबाहेर एका अडाणी माणसानं विचारला. (मीच तो.) आण्णासाहेबांनी शांतपणे समजावलं की फोटोत एक शेळी येते, आपल्याला जात हवी आहे. शिवाय हे चित्र बारा फुटी फलकावर लागणार होतं आणि तिथं एकेक केस सुटा दिसायला हवा होता.

हे काम उमरग्याच्या हर्षालीकडं आलं. पुण्यात शिकून आलेली, तिशीच्या आतली, कमी बोलणारी मुलगी. ती कागदावर काढत नसे. तिच्याकडं एक सपाट काळी पाटी होती, तिच्यावर बिनशाईच्या पेनानं ती रेघ ओढायची आणि रेघ समोरच्या पडद्यावर उमटायची. आमच्या कागदपत्रांत तिची नोंद 'विद्युत पाटी, नग एक' अशी आहे. नमुन्यासाठी शेळी निवडली जिल्ह्यातल्याच वाशीजवळच्या बिराप्पाची. तिचं नाव काजळी. वय तीन वर्षं, नखशिखांत काळी, डाव्या कानाच्या टोकाला बाभळीच्या काट्यानं पडलेली चीर. बिराप्पाचा कळप दरवर्षी चाऱ्यासाठी लांब जायचा. त्या वर्षी कळप घेऊन त्याचा भाऊ भागवत एकटाच गेला आणि बिराप्पा एका शेळीपाशी थांबला. त्याला सांगण्यात आलं होतं की चित्र झालं की प्रमाणपत्राचं शिबिर होईल आणि त्याचा कळप जिल्ह्याचा मूळ कळप म्हणून नोंदला जाईल. त्याच्या आजानं राखलेल्या जातीला कागद मिळणार, एवढंच त्यातलं त्याला कळलं होतं, आणि त्याला ते पुरेसं होतं.

हर्षाली वाशीत नातेवाइकांकडं राहायला आली आणि काम सुरू झालं. पहिले दोन महिने ती फक्त बघत होती. केस मानेवर कुठून वळतात, कुशीवर कुठं दबतात, ऊन पडलं की काळ्यात निळं कसं दिसतं. मग एकावर एक थर चढवायला लागली. आधी आकार, मग रंग, मग सावली, आणि सर्वांत वर केस, एका वेळी एक. मी दरमहा प्रगती अहवाल पाठवत असे. नमुन्यादाखल : मार्चमध्ये एकसष्ट हजार केस, शेळी उजव्या खांद्यापर्यंत पूर्ण. एप्रिलमध्ये चाळीस हजार. (घट विजेमुळे, शेळीकडून पूर्ण सहकार्य.) मेमध्ये काम जतन होण्याआधीच यंत्र बंद पडलं आणि पोटावरचे नऊ हजार केस गेले. हर्षालीनं दुसऱ्या दिवशी ते पुन्हा काढायला घेतले. कार्यालयाकडून गेलेल्या केसांचा पंचनामा करण्यात आला.

प्रत्येक टप्प्यावर चित्र समितीपुढं यायचं आणि समिती डोळ्यांत तेल घालून बघायची. निळी झाक काढावी, कारण शेळी काळी आहे. कानाची चीर काढावी, कारण तो दोष आहे. कान दोन बोटं लांब करावेत, शोभा येते. चेहऱ्यावर समाधान दिसावं. सर्वांत मोठी चर्चा डोळ्यावर झाली. हर्षालीनं डोळ्यातली बाहुली आडवी काढली होती, आडव्या फटीसारखी. ती गोल करावी असा ठराव झाला. शेळीची बाहुली आडवीच असते, असं हर्षालीनं सांगून पाहिलं. त्यावर पाचही सदस्यांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं आणि गोलच असते असं सर्वानुमते नोंदवलं.

एक हुकूम मात्र चित्राबाबत नव्हता, शेळीबाबत होता. चित्र पुरं होईपर्यंत काजळीला बोकड दाखवू नये, गाभण राहिल्यास आकार बदलून आधी काढलेला भाग वाया जाईल. ते पत्र मी माझ्या हातानं लिहिलं आणि मीच वाशीला नेऊन दिलं.

बिराप्पानं ते घडी करून मुंडाशात ठेवलं. त्याची बायको सिताबाई मात्र हातातलं काम ठेवून उठली. मग तिनं हर्षालीला विचारलं, "ताई, हिचं बाळंतपण पाच महिन्यात उरकतंय. तुमचं चित्र कवा उरकंल?"

हर्षाली म्हणाली, "मावशी, मी रोज बारा तास बसते हो."

"तुमी बसताव, व्हय. पर ती उभी हाय न्हवं."

काजळी चौदा महिने उभी होती. एवढ्या काळात ही जात दोनदा विते आणि बहुतेक वेळा जुळीच देते. म्हणजे अंदाजे चार करडं जन्माला आली नाहीत. त्यांची नोंद कुठल्याही रकान्यात बसत नसल्यानं ती घेता आली नाही. दूध आटलं. सिताबाईनं चहा काळा करायला सुरुवात केली आणि चौकशी केली तरी कारण सांगितलं नाही.

शेवटी चित्र पुरं झालं. तीनशे बारा थर, आठ लाखांवर केस. खरं सांगतो, ते सुंदर होतं. फलकासमोर लोक थांबायचे, हात लावून बघायचे. चित्र मंजूर झाल्याचं पत्र निघालं आणि पुढच्याच महिन्यात वाशीला प्रमाणपत्राचं शिबिर भरलं. मैदानावर मांडव, मांडवात फलक, आणि फलकाच्या एका बाजूला तपासणीचं टेबल. टेबलावर अर्ज भरायला मी. अर्जात एकूण सहा रकाने होते आणि सगळे 'मंजूर चित्राशी जुळते काय' यानं सुरू होत होते.

बिराप्पानं काजळीला सकाळीच घासून पुसून आणलं होतं. स्वतः धुतलेलं धोतर नेसला होता. ओळीत पहिला तोच होता. सदस्यांनी शेळी पाहिली, चित्र पाहिलं, पुन्हा शेळी पाहिली आणि मला मजकूर सांगितला. मी लिहिला. कान आखूड. डाव्या कानास दोष. बाहुली आडवी. चेहऱ्यावर समाधान आढळत नाही. कास आटलेली. मागील चौदा महिन्यांत एकही वेत नाही, सबब वांझ असण्याचा संभव. अपात्र.

बिराप्पानं मला ते दोनदा वाचायला लावलं. शेवटच्या ओळीला त्यानं मुंडासं सोडलं, पत्र काढलं आणि माझ्यापुढं धरलं. आवाज चढवला नाही.

"भाऊसायेब, ह्ये अक्षर तुमचंच हाय न्हवं?"

अक्षर माझंच होतं. आण्णासाहेबांनी पत्र घेऊन काळजीपूर्वक वाचलं. ते पत्र चित्राच्या फाइलमधलं असून शिबिराची फाइल वेगळी असल्याचं त्यांनी बिराप्पाला अत्यंत सौजन्यानं सांगितलं. मी मान खाली घालून पुढच्या अर्जावर क्रमांक घातला. तेवढं मला जमलं.

हर्षाली मांडवात पुढच्या खुर्चीवर होती. तिचा सत्कार व्हायचा होता, शाल तेवढी आधीच घातली होती. ती उठून टेबलापाशी आली.

"सर, ही तीच शेळी आहे. हिच्यावरूनच काढलंय चित्र. एकेक केस हिचा आहे."

आण्णासाहेब हसले. वडिलांसारखे हसले.

"पोरी, तुझं चित्र मंजूर झालंय. त्याची शेळी झालेली नाही."

हर्षालीनं खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि ती बिराप्पाच्या मागोमाग मांडवाबाहेर गेली. इतिवृत्तात मी 'सत्कार संपन्न' असं लिहिलं आहे, कारण शाल खरेदी झालेली होती. त्या दिवशी दोनशे सहा शेळ्या तपासल्या, एकही पात्र ठरली नाही. एवढं निर्भेळ चित्र राज्यात दुसरं नसेल, असा अभिनंदनाचा ठराव समितीनं केला.

बिराप्पा सिताबाईला आणि काजळीला घेऊन बेंबळीकडं राहायला गेला, भागवत कळप घेऊन तिथं उतरला होता. पुढं काय झालं याची फाइल नाही, म्हणून मला स्वतः जावं लागलं. सात महिन्यांनी एक दिवस रजा टाकून गेलो. काजळीला दोन करडं झाली होती, एक मादी, म्हणजे पाट, आणि एक बोकड. बिराप्पानं मला बघितलं, बाजेवरून उठला नाही, पण सरकून जागा केली. सिताबाईनं दुधाचा चहा दिला. मी माफी मागायची म्हणून वाक्य पाठ करून गेलो होतो. तिथं ते फारच शासकीय वाटलं, म्हणून चहा प्यालो.

जाताना सिताबाईनं आतून एक कागद आणला. मागच्या आठवड्यात हर्षाली येऊन गेली होती. करडं बघायला आली आणि बसल्या जागी साध्या पेन्सिलीनं काजळीचं चित्र काढून देऊन गेली. वीस मिनिटं लागली म्हणे. केस जेमतेम चाळीस-पन्नास. कानाला चीर होती.

"ह्यात डोळं बराबर हाईत," सिताबाई म्हणाली आणि कागद परत आत नेला.

तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगतो की एकदा काजळीला बघून या, रस्त्यालाच वस्ती आहे, माणसं चहा पाजतात. आजवर एक्केचाळीस जणांना सांगून झालं. अडतीस जण म्हणाले, ते चित्र मोबाइलवर पाठवा. दोघांनी फलकापुढं काढलेला स्वतःचा फोटो मला दाखवला. एक जण जातो म्हणाला आणि गेला नाही. आपणही इथवर आस्थेनं वाचलंत, तेव्हा आपल्याला काय बघावंसं वाटतंय हे मी ओळखून आहे. नंबर कळवा, पाठवतो. फाइल मोठी आहे, उतरवायला वेळ लागेल. तेवढ्या वेळात बेंबळीला पोचता येतं.