ए.के.ची गँग

रविवारी दुपारी शामसुंदर व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. तेवढ्यात गेटापाशी एक सायकल करकचून थांबली. वर उलटी टोपी, खाली दोन माणसं मावतील एवढी ढगळ पँट आणि मध्ये कुठंतरी एक पोरगा.

"अंकल, ए.के. को बोलना, पाँच बजे पुराने फाटक पे. पूरी गैंग आ रही है. आज तो उड़ा देंगे!"

शामसुंदर काही विचारणार, तोवर सायकल वळणावरून दिसेनाशी झाली. हातातल्या पेपरमधली बातमी उठून अंगणात यावी, तसं त्यांना झालं. ते तडक स्वयंपाकघरात गेले.

"रत्नमाला, आपल्या घरी ए.के. कुठून आली?"

"आली काय म्हनता? आपला अरुणकुमार तो! दोस्त ए.के. म्हनतात त्याले."

बंदूक नाही, पोरगाच आहे, म्हणून क्षणभर हायसं वाटलं. मग पोरगा बंदुकीपेक्षा अवघड, हे ध्यानात आलं. सुपेल्याच्या बाजारातून भरून आणलेली एक अमेरिकन कॅसेट महिनाभर घरात वाजत होती. तिच्यात चाल नव्हती. कुणीतरी भाडेकरूला दम देतोय, असं एका दमातलं भांडण होतं. शामसुंदरांना त्यातला एकच शब्द कळायचा. गँग.

"हाय कुठं तो?"

"सकाळपासून सायकल खोलून बसला होता. चेन पायजे म्हने. मंग गेला कुठंतरी."

शामसुंदर मागच्या अंगणात धावले. सायकल होती, चेन नव्हती. गेल्याच महिन्यात शेजारच्या सेक्टरमध्ये पोरांनी सायकलच्या चेनांनी मारामारी केली होती आणि नावं ठाण्यात गेली होती. कारखान्यात कारकुनी करताना शामसुंदरांनी पाहिलं होतं, पोलिसांचा शेरा वाईट आला की भरतीचं दार कायमचं बंद. अरुणकुमारचं बारावीचं वर्ष होतं. एक चेन फिरली, की पोरगा जन्माचा घरी बसणार. स्कूटरची किल्ली सापडेपर्यंत पाच वाजून गेले.

"बाबाले सांगू नको. त्याहीचं ब्लडप्रेशर वाढन," ते वडिलांच्या खोलीकडे बघत म्हणाले.

"मामाजी तर कवाचेच गेले. खिडकीतून आयकलं त्याहीनं. 'गँगवर बोलावनं आलं' म्हने. झेंड्या घेतल्या, शिट्टी घेतली अन् रिक्षात बसले."

"आन् तू जाऊ देल्लं?"

"मले वाटलं, पेन्शनवाल्यायची मीटिंग असन!"

शामसुंदर स्कूटरकडे धावले. त्यांच्या वडिलांची, भाऊरावांची, सारी हयात रेल्वेचे रूळ उचलणाऱ्या गँगमध्ये गेली होती. गँग म्हणजे दुसरं काही असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आता तिकडे चेना फिरत असतील आणि मधोमध म्हातारा हिरवी झेंडी दाखवत उभा असेल!

कुरुद गावच्या वाटेवर स्कूटर अशी सुटली, की कोंबड्या, शेळ्या आणि एक लग्नाचा बँड बाजूला झाला. रेल्वेचं जुनं फाटक दिसलं. धुळीत पोरांचं कोंडाळं होतं. मध्ये लाल झेंडी वर गेली, कुणीतरी ओरडलं, आणि शामसुंदरांनी ब्रेकऐवजी डोळे दाबले. स्कूटर नाल्यात गेली. ते गुडघाभर चिखलात उभे राहिले.

अरुणकुमार धावत आला. गळ्याभोवती ग्रीसचा काळा पट्टा, चेहरा रडवेला.

"बाबा! बरं झालं तुमी आले!"

"लागलं का रे कोनाले? कोनाले उडवून राहिले होते तुमी?"

"उडवून? स्टेज, बाबा! गनपतीत प्रोग्राम आहे ना आमचा. त्याची प्रॅक्टिस."

"आन् चेन?"

"गळ्यात घालाले. कॅसेटवरच्या फोटोत नाही का? आजोबानं काढून घेतली. गँगचा मेट, म्हंजे मुकादम, मीच, म्हनतात."

"मंग तू रडून कावून राहिला?"

अरुणकुमारने मागे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"रूळ उचलतानाचे गाने शिकवून राहिले आमाले. बाबा, त्याहीले घरी न्या ना. आमच्या कॅसेटीतबी असे शब्द नाहीत!"

मागे उलट्या टोपीची पोरं कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली होती. इतक्यात शिट्टी वाजली.

"बघता काय बे? गाडी पडली लाइनवर! धरा!" भाऊराव कडाडले. पोरांनी मुकाट्याने स्कूटर धरली. म्हाताऱ्याने आवाज लावला.

"सायेबाचं पोट मोठं!"

"हैशा!"

"बाबूचं काळीज छोटं!"

"हैशा!"

"शाम्या भ्याला बेडकाले!"

"हैशा!"

"आन् चड्डीमंदी..."

"बाबा!" शामसुंदर किंचाळले. स्कूटर वर आली.

"अंकल," टोपीवाल्याने फार आदबीने विचारलं, "वो चौथी लाइन प्रोग्राम में रख लें?"

रत्नमाला गेटात वाट पाहत उभी होती. तिला आधी चिखलाने भरलेला नवरा दिसला.

"अवो, काय झालं? सुटला का पोरगा गँगमधून?"

"पोरगा सुटला," शामसुंदर म्हणाले आणि अंगठ्याने मागच्या सीटकडे दाखवलं.

तिथे बगलेत झेंड्या, डोक्यावर उलटी टोपी आणि गळ्यात सायकलची चेन घालून भाऊराव बसले होते.

"सूनबाई, चाय मांड," ते म्हणाले. "उद्या सकाळी ड्यूटी आहे."