चौथी ब येथील कोंबडीच्या पिल्लाची मोहीम

सुज्ञ वाचकांस विदित व्हावे जे, मोठमोठ्या लढायांच्या हकीकती पुष्कळांनी लिहिल्या, परंतु चौथी ब च्या वर्गात अंडी उबवोन पिल्लू काढावयाची जी मोहीम जाहली, तीत बाईंचा शब्द कैसा पणास लागला, हे कोणी लिहिले नाही. सबब लिहिणे प्राप्त.

त्याचे वर्तमान ऐसे जे, वर्गशिक्षिका बाई, बहुत करारी, शिस्तीच्या पक्क्या, त्यांनी भर शिक्षकखोलीत विडा उचलिला की, आमची मुले पुस्तकातील चित्रावर भागविणार नाहीत, खासे पिल्लू डोळां पाहतील. मग डझनभर अंडी आणविली, आणि काचेच्या झाकणाची विजेची ऊबपेटी खिडकीखाली मांडोन बटणावर तांबड्या अक्षरांत जाहीरनामा डकविला की, 'बंद कराल तर याद राखा.' मुख्याध्यापक मोठे सर, यांस हे मानवेना. त्यांचा हुकूम सुटला जे, एकविसाव्या दिवशी, शुक्रवारी, शेवटची घंटा होईतो पिल्लू निघाले तर बेहत्तर, न निघाल्यास पेटी अडगळीत रवाना करावी. ही शाळा आहे, खुराडे नव्हे. गणिताचे मास्तर चहा पिता पिता वदले, "बाई, आमलेट झालं तर सांगा हं."

ऐशात शेवटल्या आठवड्यातील बुधवारी सकाळी बाई पाहतात तो पेटी थंडगार आणि बटण बंद. बाईंच्या तळपायाची आग मस्तकास गेली. तत्काळ फर्माविले की, ज्याने बटण बंद केले त्याने कान धरोन वर्गाबाहेर उभे राहावे. शिपाईमामांस पाचारण केले, तो ते म्हणाले, "मी नाही बुवा. तो कागद लागल्यापासून मी त्या भिंतीला झाडूसुद्धा लावत नाही." मग पहिल्या बाकावरील दोन वेण्यांची मुलगी उठोन बोलली, "बाई, तुम्हीच केलंत. काल जाताना रोजच्यासारखा आधी दिवा, मग पंखा. आणि त्याच झपाट्यात हेही."

"अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्हीच म्हणता ना, बाई काम करत असताना मध्ये बोलायचं नाही."

बाई बटण चालू करोन म्हणाल्या, चूक माझी. तो मागल्या बाकावरोन पृच्छा आली, "बाई, मग बाहेर कोण उभं राहणार?" बाईंनी खडू ठेविला आणि मग दाराबाहेर जाऊन खाशा कान धरोन उभ्या राहिल्या. त्या घटकेपासून चौथी ब बाईंच्या पाठीशी ऐसी उभी ठाकली, की मारामारीसुद्धा कुजबुजत होऊ लागली.

शुक्रवार उजाडला. अंडी ढिम्म. शेवटच्या तासास मोठ्या सरांची स्वारी पेटी नेण्यास जातीने आली आणि घड्याळ पाहोन उभी राहिली. इतक्यात एका अंड्यास बारीक तडा गेला आणि आतोन चिवचिव उठली. सर वाकले, मग झाकणास कान लाविला, मग चष्मा काढिला. घंटेस अगदी थोडा अवकाश राहिला, आणि तडा तर जेथल्या तेथे. दिला हुकूम फिरविणे हे सरांच्या रक्तात नाही. सबब त्यांनी शिपाईमामांस इशारत केली जे, आम्ही सांगेतो घंटाच देऊ नये.

मग अवघी शाळा दप्तरे भरोन अडकोन पडली, आणि शेजारच्या वर्गात गणिताच्या मास्तरांची उदाहरणे संपली, तेव्हा त्यांनी तीच पुन्हा घातली. सर मात्र चौथी ब च्या बाकावर गुडघे मुडपोन बसले आणि पुटपुटले, "जोर लाव, बाळा."

अखेर कवच फुटले आणि पिल्लू बाहेर पडले. ओलेचिंब, वाकडे, भिजल्या पायमोजासारखे. "एवढंच?" कोणी पुसले. बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "एवढंच."

येणेप्रमाणे अकरा अंडी कामी आली, एक पिल्लू फत्ते जाहले, बाईंचा शब्द राहिला, सरांचा हुकूमही न मोडता पार पडला, आणि मग घंटा जाहली. त्या गलबल्यात ज्याच्याकरिता हा सारा खटाटोप, त्याने चोच खाली टेकविली आणि उभ्या उभ्या डुलकी काढिली.