डावी भुवई

टण्णकन चमचा ताटलीत पडला. तिने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं होतं.

"बरं बाई, सांगतो," नवरा म्हणाला. "बालवाडीच्या सभेला मी गेलोच नव्हतो. विसरलो."

ती फक्त मीठ मागणार होती.

हा सगळा प्रताप डाव्या भुवईचा. बाळंतपणापासून तिच्या भुवया विरळ झाल्या होत्या आणि रोज सकाळी पेन्सिल घेऊन आरशापुढे बसायला सवड कुणाला होती? म्हणून मायक्रोब्लेडिंग. बारीक पात्याने केसांसारख्या रेघा कोरायच्या, त्यात रंग भरायचा; वर्षभर पेन्सिलीला सुट्टी. पार्लरवाल्या ताईने बधिर करणारं मलम लावलं, खोलीचं दार ओढून घेतलं. आणि चार वर्षांत पहिल्यांदाच असं झालं, की ती आडवी झाली आणि कुणी "आई!" म्हणून हाक मारली नाही. ती झोपली. चक्क घोरली. उठून आरसा पाहिला तेव्हा उजवी भुवई जागच्या जागी होती. डावी मात्र कपाळ चढायला निघून अर्ध्या वाटेत थांबली होती. एखाद्या फौजदाराने "अस्सं?" म्हणावं तशी.

"आखून झालं की उठवून बसवायचं, डोळे उघडायला लावून दोन्ही बाजू मोजायच्या, मगच पातं लावायचं," ताई रडवेली झाली. "पण तुम्ही गालाखाली हात घेऊन अशा झोपला होतात ना, अगदी माझ्या लेकीसारख्या. डाव्या बाजूची कातडी खाली ओढली गेलीये हे दिसत होतं हो मला. पण उठवायचं जिवावर आलं."

आता या बाईवर रागवायचं तरी कसं?

"मग दुसरीही वर चढवून टाका."

"अजिबात नको! वर्षभर दचकल्यासारख्या दिसाल. खपली खरवडू नका, दहा दिवस पाणी लावू नका. सहा आठवड्यांनी कातडी भरली की वरच्या रेघा फिकट करू, खाली नव्या भरू."

सहा आठवडे! आणि सोमवारपासून पुन्हा कुरिअर ऑफिसच्या खिडकीत कामाला बसायचं.

"खोक्यात काय आहे?" तिने पहिल्याच गिऱ्हाइकाला रोजच्यासारखं विचारलं.

"पुस्तकं." त्याने तिच्याकडे पाहिलं. घसा खाकरला. "आणि... लोणच्याची बरणी. काचेची."

घरी सासूबाईंनी आपणहून कबूल केलं, की नातीला जेवणाआधी चॉकलेट देणाऱ्या त्याच. नवऱ्याचे मोजे खुर्चीवरून टोपलीत गेले, जेवल्यावर ताटल्या विसळायला तो स्वतः उठू लागला. तिला एक शब्द बोलावा लागत नव्हता. सुख म्हणतात ते हेच, असं वाटायला लागलं होतं.

फक्त भिंगरी जवळ येईना. चार वर्षांची लेक, एरवी पदराला चिकटलेली, आता दाराच्या चौकटीत उभी राहून बोलायची. रात्रीची गोष्टसुद्धा आजीकडून ऐकायची.

"तू रागावलीयेस."

"नाही गं राणी. बघ, हसतेय ना मी?"

"तू हसतेस," भिंगरीने लांबूनच बोट दाखवलं. "ती रागावलीये."

मग तळहाताने भुवई झाकून गोष्ट सांगण्याचे दिवस आले. पुस्तक एका हातात, पान उलटायला हात नाही. राक्षसाच्या पानावर नेमका तळवा घसरला आणि भिंगरी आजीच्या खोलीत पळाली.

सहावा आठवडा भरला तसा नवरा म्हणाला, "राहू दे की अशीच. घर कसं शिस्तीत चाललंय." क्षणभर तिलाही मोह झाला, खोटं कशाला बोला? पण दारातली ती रिकामी चौकट दिसली आणि तिने पर्स उचलली.

या वेळी ताईने तिला तीनदा उठवून बसवलं, दोऱ्याने मापलं, आणि डुलकी लागू नये म्हणून स्वतःच्या नणंदेची अख्खी कहाणी ऐकवली.

घरी आल्यावर भिंगरीने आधी एका भुवईवरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या. आणि धप्पकन मांडीत येऊन बसली. तिच्या केसांचा वास नाकात गेला तसा आईचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या आठवड्याभरात मोजे खुर्चीवर परतले. जेवणानंतर ताटल्या टेबलावर तशाच. नवरा मोबाइलमध्ये, सासूबाईंच्या मुठीत चॉकलेटचा कागद चुरचुरतोय. तिने एकेकाकडे पाहिलं. कुणाचं लक्षच नव्हतं.

मांडीवरून भिंगरी मात्र तिचा चेहरा निरखत होती. सरळ झालेल्या डाव्या भुवईवर हलकेच बोट ठेवून तिने विचारलं,

"आई, आता तू खरीच रागावलीस, तर आम्हाला कळणार कसं?"