निळा धूर

तलवाड्याच्या यमाजी ड्रायव्हरला कुरकुर सहन होत नसे. बैलगाडीचं चाक, विहिरीवरचा रहाट, पाळण्याची कडी, काहीही करकरलं की त्याचे दात शिवशिवत. तो भर रस्त्यात मोटर थांबवी, सीटखालून काळ्या तेलाची बाटली काढी आणि अनोळखी माणसाच्या गाडीखाली शिरे. मागे खुद्द मोटरीचे मालक देशमुख बसलेले असले तरी. "एक मिनिट, सरकार. जीव घाबरा होतो."

एकदा त्यानं देशमुखांच्या माजघराच्या दारालाही तेल पाजलं. त्यांच्या आत्याबाईंना दिसत नसे. दाराच्या आवाजावरून त्या सुनांची ये-जा ओळखत. आत्याबाई कडाडल्या, "मेल्या, आता घरात कोण आलं अन् कोण गेलं, मला कळावं कसं?"

यमाजीनं कान पकडले. "तौबा, आत्यासाब. हे ध्यानातच न्हाई आलं." ही 'तौबा' त्यानं हैदराबादेत मोटर शिकताना उचलली होती.

निजामाच्या राज्यात आमच्याकडे मोटर म्हणजे अपूर्वाईच. देशमुखांनी ती कुणाची तरी जुनी घेतली होती. यमाजी तिला 'बुढी' म्हणे. रोज सकाळी इंजिनातली तेल बघायची सळई ओढून काढायची, नाकाशी धरायची आणि हकिमाच्या चेहऱ्यानं सांगायचं, "काल बीडला जाऊन आली, अर्धी सळई कोरडी. बुढी लई पिती."

मी देशमुखांचा कारकून. तेलाचे डबे मागवणं माझ्याकडे होतं. महिनाभर पुरणारा डबा आठवड्यात संपू लागला. देशमुखांनी विचारलं, "तेल जातंय कुठं?"

मी प्रामाणिकपणे विचार केला, आणि तिथंच घात झाला. गावातल्या गाड्या मुक्या झाल्यात, हे मला आठवलं. परवाच एक गाडी मागून आली, ती बैलाचा श्वास मानेला लागेपर्यंत मला कळली नव्हती. मी सांगून टाकलं, "यमाजी वाटतो, सरकार. सगळ्या गावाला."

देशमुखांनी त्याला चार माणसांत उभं केलं. "काहून रे यमाजी, तेल गावाला वाटतो?"

"सरकार, गाड्यांना दिलं ते जळकं तेल. इंजिनातून काढून फेकायचं. ताजं तेल बुढीच जाळती. आतल्या रिंगा झिजल्यात तिच्या. धूर बघा, निळा हाय, तेल जळल्याचा. मोटर झूट बोलत न्हाई."

"पेट्रोल पिती ते ठावं हाय आमाला," कुणीतरी म्हणालं. "आता तेल बी पिती. उद्या चहा मागंल!"

सगळे हसले. मीही हसलो.

यमाजी माझ्याकडे वळला. "कारकूनसाब, तुमी तर रोज बघता धूर."

मी खाली बघितलं. यमाजीनं टोपी काढून मोटरीवर ठेवली, बाहीनं तिची काच एकदा पुसली आणि चालत गाव सोडलं.

नवा ड्रायव्हर आला. डब्यांच्या खोलीला कुलूप लागलं. किल्ली माझ्या करदोड्याला. आठ दिवसांत डबा रिकामा. त्या दिवशी मोटर सुरू झाली तेव्हा मी मुद्दाम मागे जाऊन उभा राहिलो. धूर निळा होता. देशमुखांनी विचारलं, तर मी म्हणालो, "बीडच्या फेऱ्या वाढल्यात, सरकार."

एवढं खोटं मी आधी कधी बोललो नव्हतो.

तीन वर्षांनी एका लग्नासाठी बैलगाडीनं पालीला निघालो होतो. पालीच्या तोंडाशीच ओरडा आला, "कोण हाय रे? गाडी हाकता का रडवता?"

यमाजी होता. मला बघून क्षणभर थबकला. मग एरंडेलाची बाटली घेऊन माझ्या गाडीखाली शिरला. त्याचे पाय तेवढे दिसत होते. त्या पायांनाच मी म्हणालो, "यमाजी, तू गेल्यावर तेलाला कुलूप होतं. किल्ली माझ्याकडं. तरी संपायचं."

गाडीखालून बाटलीला बूच लावल्याचा आवाज आला.

"धूर?"

"निळाच."

"सरकारला सांगितलं?"

"नाही."

तो बाहेर आला, हात पुसले. "नव्या ड्रायव्हरला म्हणावं, प्लग रोज पुसत जा. तेल साचलं की बुढीला खोकला येतो." आणि म्हणाला, "चला, पानी पिऊन जा."

त्याच्या खोपटाचं दार उघडताना असं करकरलं की माझेच दात शिवशिवले. "अरे, तुझंच दार?"

"राहू द्या," तो म्हणाला. "एकटाच हाय. कुणी आलं तर कळतं."

पाणी पिऊन मी निघालो. गाडी अगदी मुकी चालत होती, त्यामुळे मागचं सगळं ऐकू येत होतं. दार लागल्याचा आवाज मात्र आला नाही. तो उंबऱ्यातच उभा असावा. मागे वळून बघायचा धीर मला झाला नाही.