मरीयेची निळी शाल

तीन नाताळ बाईसाहेबांच्या फोटोत मरीया मोलकरीण केझियाच झाली होती. चौथ्या नाताळाला थॉर्नकोम बाईसाहेबांनी मरीयेची निळी शाल तिच्या हातातून घेतली आणि भांडी घासणाऱ्या लेटिसच्या डोक्यावर घातली.

"आणि मी, बाईसाहेब?"

"तू अलीशिबा. मरीयेची म्हातारी नातलग."

"म्हातारी म्हणजे किती?"

"असेल साठीची," बाईसाहेब फोटो धुण्याच्या औषधांनी काळी झालेली बोटं पुसत म्हणाल्या. केझियाला चौतिसावं चालू होतं.

बाईसाहेबांचा नाताळचा फोटो चर्चच्या दाराशी लागे. टपालवाला अ‍ॅम्ब्रोज दरवर्षी त्यापुढे टोपी काढून उभा राही, आणि ती टोपी मरीयेसाठी नसते, आपल्यासाठी असते, अशी केझियाची खात्री होती. आता ती लेटिससाठी निघणार.

फोटो काढायचा म्हणजे एकशेवीस मोजेपर्यंत दगड व्हायचं. जो हलेल त्याचा चेहरा काचेवर पुसट उमटे. केझियाने शाल झटकायला म्हणून आत नेली आणि तिच्या काठाला मिरपूड चोळून आणली.

काकड्यांच्या काचघरात सगळे उभे राहिले. माळी एनॉक योसेफ झाला, पाववाल्याचं बाळ येशू.

"हलू नका," बाईसाहेब म्हणाल्या आणि भिंगावरचं झाकण काढलं.

तिसाला लेटिसचं नाक थरथरलं. चाळिसाला ती शिंकली. बाळाला ती गंमत वाटली. त्याने खिदळत योसेफाची दाढी ओढली. दाढी लोकरीची होती, ती हातात आली. एनॉक ती धरायला वाकला, तोच मिरपूड त्याच्याही नाकात गेली. एकटी केझिया खांबासारखी उभी. निदान आपण तरी स्वच्छ उमटू, एवढंच तिच्या मनात होतं.

बाईसाहेब अंधाऱ्या खोलीतून फोटो उमटलेली ओली काच घेऊन आल्या. डोळ्यांत पाणी होतं.

"माझीच चूक, बाईसाहेब," लेटिस रडवेली झाली. "नाकच ऐकेना."

"चूक कसली, पोरी? तुझा चेहरा नुसता उजेड झालाय. बाळही तसंच. तीन वर्षं मी हेच शोधत होते."

केझियाने मान पुढे काढली. "आणि मी?"

"तू एकटीच स्वच्छ आलीस. पापणीसुद्धा नीट."

एनॉक काचेवर वाकला. "बाप रे, ही तर लेटिसला कच्ची खाईल असं बघतेय."

"तेच तर," बाईसाहेब म्हणाल्या. "केझिया, उद्या तू एकटी. पूर्ण काच तुझी."

केझियाचा ऊर भरून आला. "मरीया?"

"नाही. सरायवाल्याची बायको. अवघडलेली मरीया दाराशी आली तेव्हा जागा नाही म्हणाली असेल ती. असा चेहरा मला गावात कुठे मिळाला नसता."

दुपारी स्वयंपाकघरात लेटिस सूपाचा वाडगा घेऊन बाकाशी आली. "केझियाताई, जरा सरकता का?"

केझियाने तिच्याकडे पाहिलं. पूर्ण काच म्हणजे पूर्ण काच. अ‍ॅम्ब्रोजला दुसरं कुणी दिसणारच नव्हतं.

"जागा नाही," ती म्हणाली, आणि चेहरा तसाच धरून मनात एकशेवीस मोजू लागली.